वज्र-नऊ आणि उचलून देणारा

बुधवारी सकाळी साडेदहा वाजता कारंज्यातल्या पन्नालाल सेठच्या धान्य दुकानाच्या माडीवर होते ते असे: अॅल्युमिनियमचे चौकोनी पाइप चौदा, लोखंडी बिजागऱ्या आठ, गाडीच्या काचा पुसणाऱ्या वायपरच्या मोटारी चार, फवारणी पंपाच्या बारा व्होल्टच्या बॅटऱ्या दोन, सायकलच्या ट्यूबचे पट्टे सहा, दारावरच्या घंटीचं बटण एक, हेल्मेट एक आणि नट-बोल्ट एकशे अकरा. राजपालने नट-बोल्ट पुन्हा मोजले. एकशे अकराच. वहीत एकशे बारा होते. एकशे बाराव्याने पन्नालाल सेठ कान खाजवत होते.

"सेठजी, तो बोल्ट..."

"हा व्हय? मले वाटलं उरला असंन." सेठनी बोल्ट धोतराला पुसून परत दिला. "इंजिनेरच्या कामात एखादा उरतेच."

"मी इंजिनिअर नाही, सेठजी. बी.एस्सी. आहे. फिजिक्स."

"मंग तं उरालेच नाई पायजे," सेठ म्हणाले.

हे सगळं जोडल्यावर जे तयार होणार होतं त्याचं नाव वज्र-नऊ. वज्र-एक ते आठ कधी झालीच नव्हती. पण पियूषचं म्हणणं असं होतं की नऊ म्हटलं की मागे इतिहास असल्यासारखं वाटतं. पियूष म्हणजे पन्नालाल सेठचा मुलगा. अठरा वर्षं याच दुकानात वाढला, मग पुण्याला शिकायला गेला आणि तिथेच त्याने खेळांची कंपनी काढली. कंपनीत माणसं चार आणि पदं अकरा होती. कंपनी एक मराठी विज्ञानकाल्पनिक खेळ काढत होती. त्याला पट लागत नाही. चार जण बसतात आणि प्रत्येक जण एकेक पात्र घेतो. आपलं पात्र काय करतं ते प्रत्येकाने तोंडाने सांगायचं, जमतं की नाही ते फासा टाकून ठरवायचं, आणि पाचवा माणूस हातात नियमांचं पुस्तक घेऊन गोष्ट पुढे नेतो.

राजपालने हे आईला समजावून सांगितलं तेव्हा सोनीबाई म्हणाली होती, "म्हंजे बसून गप्पा हानायच्या अन् फासे टाकायचे?"

"हो, याडी."

"हे तं आपल्या तांड्यात रोज चालते. त्याले कंपनी कायले लागते?"

राजपालला ही कंपनी फोनवर सापडली. तिला नियमांच्या पुस्तकातलं अठ्ठ्याऐंशीवं पान लिहिणारा हवा होता: भविष्यातलं शक्तिचलित चिलखत. त्याचं वजन किती, ते किती ओझं पेलतं, बॅटरी किती वेळ चालते आणि मोडतं कधी. विज्ञान येणारा, मराठी लिहिणारा आणि शक्यतो गावाकडचा माणूस पाहिजे, कारण पुस्तकात 'मातीचा गंध' हवा असं अकरापैकी एका पदाने ठरवलं होतं. राजपालचा तांडा मानोऱ्यापासून सात किलोमीटरवर. माती भरपूर.

त्याने पान लिहिलं. पियूषला ते इतकं आवडलं की खेळाच्या प्रकाशनात खरंखुरं वज्र-नऊ घालून मंचावर यायचं त्याने ठरवलं. तेही राजपालनेच बनवायचं. जमलं तर एक तारखेपासून नियमलेखक म्हणून नोकरी, तीही तांड्यात बसून. राजपालने शेलूबाजारच्या बाबूलाल वेल्डरकडे तीन आठवडे काढले आणि चौदा पाइपांना माणसाचा आकार दिला.

नोकरी न मिळाल्यास काय होणार हे हरिसिंग मुकादमाने आधीच सांगून ठेवलं होतं. दसरा झाल्यावर तो तांड्यावर यादी करायला आला. ऊसतोडीला माणसं एकेकटी मोजत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळी बांधायची, पहिल्याने ती दुसऱ्याच्या डोक्यावर उचलून द्यायची, दुसऱ्याने फळीवरून ट्रकात चढायचं.

"किशन, तुहा कोयता धरू ना?" हरिसिंगने राजपालच्या वडिलांना विचारलं.

किशनने खाटेवर बसलेल्या सोनीबाईकडे पाहिलं. तिच्या गळ्याला पांढरा पट्टा होता. मानोऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की मानेचे दोन मणके घासलेत, डोक्यावर तांब्याही ठेवायचा नाही. तिने विचारलं होतं, "रिकामा तांब्या?"

"हिची मान गेली, दादा," किशन म्हणाला. "अर्धा कोयता लिहा."

"अर्धा कोयता कोनी घेते काय? अर्ध्या कोयत्याले मुठीकडून धरू का पात्याकडून? हे पोरगं हाय ना!"

"मी बी.एस्सी. आहे, हरिसिंगकाका," राजपाल म्हणाला.

"मंग तं लयच चांगलं. मोजून तोडशीन." आणि हरिसिंगने पेन्सिलने किशनच्या नावापुढे एक आकडा लिहून त्याला गोल केला. पेन्सिलने, कारण राजपालने त्याला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं होतं. दिवाळी आता आठ दिवसांवर होती.

म्हणून बुधवारी तिघेही कारंज्याला आले. किशन पाइप वाहायला आला आणि सोनीबाई डबा घेऊन आली. शिवाय मुलगा तीन आठवडे कशाशी झटत होता ते तिला बघायचं होतं. घरात हे तिघं बंजाऱ्यांची गोरमाटी आणि वऱ्हाडी मिसळून बोलत. दुकानात आल्यावर नुसत्या वऱ्हाडीत बोलू लागले, कारण सेठना तेवढीच येत होती.

पियूष अकरा वाजता जिना चढून आला. त्याच्या टी-शर्टवर ग्रह होते.

"राजपाल! हे तर कमाल दिसतंय. एकदम रॉ. एकदम ग्रामीण-भविष्यवादी."

"सर, अजून डावा गुडघा बसवायचाय."

"सर नको म्हणू. आपल्याकडे उच्च-नीच नसतं. मी फक्त संस्थापक आहे." त्याने लॅपटॉप गव्हाच्या पोत्यावर, म्हणजे तिथल्या भाषेत कट्ट्यावर, ठेवला. पडद्यावर पुण्यातले दोन खेळाडू दिसू लागले. दोघांच्याही मागे पुस्तकांची कपाटं होती, आणि एकाचं कपाट तो हलला की त्याच्या कानात शिरत होतं. "आधी खेळून चाचणी, मग प्रत्यक्ष चाचणी, मग फोटो. पाचपर्यंत आटपू. बाबूजी सूर्य मावळायच्या आत जेवतात."

"अन् पियूष," सेठ बोलले, "याले बंदूक-फिंदूक लावायची नाई हां. मारायचं काई माह्या दुकानात नको."

"बाबूजी, चिलखत आहे ते. फक्त संरक्षण."

"कोनापासून?"

पियूषने अठ्ठ्याऐंशीवं पान उघडलं. राजपालने वाकून पाहिलं. त्याने लिहिलं होतं, 'ओझं: १२० किलो'. पानावर '४००' होतं.

"हे चारशे कुठून आलं?"

"मार्केटिंगकडून. एकशेवीस ऐकून कोणाच्या अंगावर काटा येतो का? तुझं दुसरं पानही दुरुस्त केलं. सामान्य माणूस, चिलखताशिवाय, कमाल ओझं. तू बेचाळीस किलो लिहिलं होतंस. टायपो असणार म्हणून पंचवीस केलं. तेवढंच असतं. जगातल्या सगळ्या खेळांत तेवढंच आहे."

"टायपो नव्हता. वीस मोळ्यांची सरासरी आहे. मी ताणकाट्याने मोजल्या होत्या."

"कोणाच्या?"

राजपालने सोनीबाईकडे बोट केलं. तिची उंची एकशे अठ्ठेचाळीस सेंटिमीटर होती आणि ती कट्ट्यावर बसून शेंगा सोलत होती. पियूषने तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे.

"बरं, अपवाद असतात," तो म्हणाला. "पण नियमात अपवाद घेतला तर चिलखत कोण घालेल?"

राजपालने डावा गुडघा बसवला आणि खेळ सुरू झाला. पुस्तक राजपालकडे होतं. पियूषचं पात्र होतं सेनानी रणवज्र, सातव्या सूर्यावरचा शेवटचा योद्धा. यान कोसळलं होतं, साथीदार गेले होते आणि वाटेत पोलादी दार आडवं पडलं होतं.

"मी वज्र-नऊ घातलंय," पियूष घोगऱ्या आवाजात म्हणाला. "दार तीनशे किलोचं. मी ते खांद्यावर घेतो आणि चालू लागतो."

"ठीक," राजपालने वहीत लिहिलं. "उचलून कोण देतंय?"

"काय?"

"दार. खांद्यावर उचलून कोण देतंय?"

"कोणी नाही. मी शेवटचा योद्धा आहे."

"मग ते जमिनीवरून खांद्यावर आलं कसं?"

पडद्यावरचा एक खेळाडू हसला. त्याला वाटलं राजपाल गोष्टीत रंग भरतोय. पण राजपाल रंग भरत नव्हता. तो खरोखर अडला होता. त्याने पान लिहिताना 'ओझं' या शब्दाचा अर्थ एकच धरला होता: अंगावर आल्यानंतरचं ओझं. ते कोणीतरी अंगावर ठेवतंच. जन्मापासून पाहिलेल्या एकाही माणसाने आपली मोळी आपल्याच डोक्यावर घेतली नव्हती. पुस्तकात 'उचलून दिल्यावर' असं लिहायचं त्याला सुचलंही नव्हतं. ते 'श्वास घेतल्यावर' असं लिहिण्यासारखं झालं असतं. बाबूलालच्या दुकानातही एकशेवीस किलो बाबूलाल आणि त्याच्या भावाने मिळून सांगाड्यावर ठेवले होते. राजपालने त्यानंतर मोजायला सुरुवात केली होती.

"सर, माझी चूक झाली," तो म्हणाला. "एक रकाना राहिला." त्याने पेन काढलं आणि पानावर 'चालक: १' या ओळीखाली लिहिलं, 'उचलून देणारा: १'.

"एक मिनिट," पियूष म्हणाला. "हे काय? चिलखताला हेल्पर?"

"हेल्पर नाही. अर्धं चिलखत."

"राजपाल, नायक एकटा असतो. हा सगळा खेळ त्यावर उभा आहे. कव्हरवर लिहिलंय. एकटा. अजिंक्य."

"एकटा असला तं त्याचं चिलखत उगंच फिरते," बाजूने किशन म्हणाला. "रिकामंच."

सेठ हसले. "पियूष, खाली हमाल पाह्य ना. माह्या बापाच्या काळापासून कट्टा एकट्यानं पाठीवर घेतला काय कोनी? दोघं उचलून देतात, मंग तिसरा पळते. तू अठरा वर्षं गल्ल्यावर बसला लेका, तुले दिसलं नाई?"

"मी पळणारा पाहायचो," पियूष म्हणाला.

मग तो उठला. "वाद नको. प्रत्यक्ष चाचणी. मी हे घालतो आणि कट्टा उचलतो. एकटा. तू लिहून घे."

राजपालने त्याला सांगितलं की वायपरच्या मोटारीत वर्म गिअर असतो. गुडघा एकदा सरळ झाला की ती मागे फिरत नाही, त्यामुळे ओझं धरून ठेवायला वीजसुद्धा लागत नाही. पण बसलेल्या माणसाला ओझ्यासकट उभं करायचं बळ तिच्यात नाही. "धरून ठेवणं वेगळं, उचलणं वेगळं. हे चिलखत धरून ठेवणारं आहे."

"नकारात्मक बोलू नकोस," पियूष म्हणाला. त्याने दोन्ही हात पट्ट्यांत घातले. सहापैकी चार पट्ट्यांची बक्कलं पाठीवर होती. तो हात मागे नेऊन त्यांना शोधू लागला, तेव्हा त्याच्या हालचाली पाठीत मुंगी शिरलेल्या माणसासारख्या दिसत होत्या. तीन मिनिटांनी राजपालने ती लावून दिली.

"हे मोजू नकोस," पियूष म्हणाला.

"बटण पण मागेच आहे, सर. दोन खांद्यांच्या मधोमध. दाबून धरलं की पाय चालतात."

"मागे का?"

"पुढचे दोन्ही हात ओझं धरतात. ज्याने उचलून दिलं त्याचे हात मोकळे असतात."

पियूषने यावर विचार केला नाही. तो पन्नास किलोच्या सोयाबीनच्या कट्ट्याजवळ गेला आणि वाकला. गुडघे वाकले नाहीत, कारण बटण कोणी दाबलं नव्हतं. कंबर वाकली. कट्ट्याचे दोन कान त्याने धरले आणि ओढले. कट्टा जागचा हलला नाही. उजवा कान मात्र फाटला आणि हातात आला. त्यासरशी अडतीस किलोचं वज्र-नऊ आणि एकाहत्तर किलोचा पियूष मागच्या मागे गेले. सेठनी चटकन गव्हाचा कट्टा वाचवला.

पाठ जमिनीला टेकली. पाठीवर बटण होतं. जमिनीने ते दाबून धरलं.

वज्र-नऊ चालू लागलं. आडवंच. उजवा पाय वर, डावा पाय वर, उजवा, डावा, दर अडीच सेकंदाला एक पाऊल, छपराच्या दिशेने. पुण्याच्या पडद्यावरून टाळ्या ऐकू आल्या. हे प्रकाशनात ठेवाच, असं एक जण म्हणाला.

"पियूष," सेठनी वाकून विचारलं, "पाय कायले हालवून राह्यला?"

"मी हलवत नाहीये!"

"मंग कोन हालवून राह्यलं?"

राजपालने खांद्याखाली हात घालून पाहिलं. एकशे नऊ किलो. चार बोटं उचललं गेलं, पुन्हा बसलं. सेठचं पोटाचं ऑपरेशन झालेलं होतं. किशन आणि सोनीबाई मघाशीच चहा आणायला खाली गेली होती.

"बॅटरी किती वेळ चालते?" पियूषने जमिनीवरून विचारलं. त्याचे पाय चालतच होते.

"ओझं नसलं तर अंदाजे दोन तास."

"दोन तास?"

"अठ्ठ्याऐंशीव्या पानावर आहे, सर. ते तुम्ही बदललं नव्हतं."

पहिल्या मिनिटात पियूषने वैतागून तोंड वाकडं केलं. दुसऱ्या मिनिटात त्याने राजपालला पट्टे सोडायला सांगितलं. बक्कलं पाठीखाली होती. तिसऱ्या मिनिटात त्याच्या तोंडून पुण्यातलं सगळं शिक्षण गेलं. "बाबूजी, मले उठवा ना! कोनी तं उचला मले!"

राजपालने जिन्यावरून हाक मारली. किशन वर आला. त्याने चहाची किटली ठेवली आणि दोघांनी एकेक खांदा धरला. "हं, एक दोन..." वज्र-नऊ उभं राहिलं आणि पाय थांबले. राजपालने घड्याळ पाहिलं. चार मिनिटं दहा सेकंद. त्याने ते वहीत लिहिलं.

"हे पण मोजलंस?" पियूष म्हणाला.

सोनीबाई पदर तोंडाला लावून हसत होती. मान हलवायची नसल्यामुळे तिचे फक्त खांदे हलत होते. "रडू नको, बावा," ती म्हणाली. "पह्यल्या मोळीले सगळेच पडतात."

पियूष उभा होताच, म्हणून फोटो काढून घ्यायचं ठरलं. यावेळी किशन आणि राजपालने कट्टा उचलून सांगाड्याच्या खांद्यावर ठेवला. सोनीबाई मागे गेली. तिची उंची कमी, म्हणून ती कट्ट्याच्या आणि पियूषच्या आड पूर्ण झाकली गेली. हिरव्या बांगडीचा एक हात तिने पट्ट्यावर धरला आणि दुसरा लांब करून बटण दाबलं. वज्र-नऊ सुंदर चाललं. कट्टा ढळला नाही. पियूषच्या अंगावर त्या पन्नास किलोंपैकी काहीही येत नव्हतं. तो दोन्ही हात सोडून छाती पुढे काढून चालला, आणि माडीच्या त्या टोकाला पोचेपर्यंत पुन्हा सेनानी रणवज्र झाला. सेठनी मोबाइलवर समोरून आठ फोटो काढले. सहा त्यांच्या अंगठ्याचे आले.

"झालं!" पियूष म्हणाला. "बघ, चाललो ना! लिही. ओझं चारशे, चालक एक. तो खालचा रकाना खोड. सही कर. एक तारखेपासून तू आमचा."

राजपालने पान हातात घेतलं. दिवाळी झाली की ट्रक निघणार होता. त्याच्या हातातलं पेन साधं निळं होतं. हरिसिंगकडे मात्र पेन्सिल होती.

"चारशे लिहितो," तो म्हणाला. "चार हजार म्हणाल तर तेही लिहितो. शंभर वर्षांनी मोटारी कशा असतील मला माहीत नाही. पण हा रकाना राहू द्या."

"म्हणजे नायकाच्या मागे एक बाई बटण दाबून उभी आहे, असं पुस्तकात लिहू?"

"बाई असं नका लिहू. उचलून देणारा एक, एवढंच."

"राजपाल, ही विज्ञानकथा आहे. विज्ञान नाही."

"मग आकडे कथेचे घ्या. माणसं मोजलेली आहेत."

पियूष वाईट माणूस नव्हता. त्याने खरोखर समजून घ्यायचा प्रयत्न केला. मग तो कव्हर आठवून म्हणाला, "नाही जमणार. एकटा, अजिंक्य. छापून झालंय."

पावणेपाच वाजले होते. खालून सेठना जेवायला हाक आली. जाताना त्यांनी राजपालच्या हातात मूठभर शेंगदाणे दिले आणि म्हणाले, "बोल्ट मोजून घेजो. माह्या खिशात नाई या खेपीले."

मानोऱ्याच्या एसटीच्या टपावर वज्र-नऊ चढलं आणि तिघांना एका बाकावर जागा मिळाली. मंगरूळपीर गेल्यावर सोनीबाई म्हणाली, "एक रकाना खोडला असता तं काय बिघडलं असतं?"

"बटण तू दाबलं ना, याडी?"

"दाबलं."

"मंग."

"मंग काय. मंग तोड आता ऊस." ती खिडकीकडे तोंड करायला गेली. मान वळत नव्हती, म्हणून सगळीच वळली. थोड्या वेळाने तिकडूनच म्हणाली, "चुंबळ माही घेऊन जा. नवी टोचते."

दिवाळीनंतर चौथ्या दिवशी हरिसिंगने पेन्सिलचा गोल खोडला आणि शाईने आकडा लिहिला. राजपालने पिशवीत दोन शर्ट, चुंबळ आणि ताणकाटा घातला. वज्र-नऊ तांड्यातच राहिलं. सोनीबाईने त्याच्या दोन हातांवर गोधडी वाळत घातली. गोधडी ओली असते तेव्हा साडेसहा किलोची असते, आणि वज्र-नऊ ती सहज पेलतं.

सांगलीकडच्या त्या फडात फोनला रेंज नव्हती. फक्त बांधावरच्या बाभळीखाली एक काडी यायची. तिथे राजपालला पियूषने पाठवलेलं पुस्तक मिळालं. सोबत संदेश होता, 'तुझं नाव आभारात टाकलंय, राग मानू नको, बाबूजी विचारत होते.' त्याने अठ्ठ्याऐंशीवं पान उघडलं. ओझं चारशे किलो. चालक एक. सामान्य माणूस, चिलखताशिवाय: पंचवीस किलो. खाली अख्ख्या पानभर फोटो होता. खांद्यावर कट्टा घेतलेला सेनानी रणवज्र, आणि मागे माडीच्या जागी दोन चंद्र रंगवलेले. राजपालने फोटो बोटांनी मोठा केला. कट्ट्याचा फाटलेला कान होता. पट्ट्याच्या काठावर, खांद्याच्या मागून पुढे आलेली, हिरव्या बांगडीच्या वर चार बोटं होती. रंगवणाऱ्याला ती चिलखताचाच भाग वाटली असावी, कारण त्यांनाही त्याने पोलादी चमक दिली होती.

"राज्या!" फडातून किशनने हाक मारली. "मोळी बांधली, ये!"

त्याने फोन खिशात ठेवला. मोळी आधी ताणकाट्याला लावली, आकडा वाचला आणि सोडवली. किशन म्हणाला, "ते मोजनं नंतर कर ना, ट्रक थांबून राह्यला."

"आत्ताच मोजायचं असते, बा."

त्याने डोक्यावर आईची चुंबळ ठेवली आणि खाली बसला. किशनने मोळीला गुडघा लावला, हं म्हटलं आणि उचलून दिली. राजपाल उभा राहिला. फळीवर पहिलं पाऊल टाकलं. फळी वाकली आणि पुन्हा वर आली.

दुपारी भाकरी खाताना त्याने वहीत नोंद केली.

मोळी पहिली. वजन: एकतीस किलो चारशे ग्रॅम. फळीची लांबी: चार मीटर वीस सेंटिमीटर. वेळ: अठ्ठावीस सेकंद. चालक: एक. उचलून देणारा: एक.